पाटाच्या पाण्याचे माहेर

प्रवरेच्या मुलखातले धबधबे : घरच्या माणसांसह एका दिवसाची सहल

वाचकहो, बाजरीची खुरपणी उरकली आहे, उसाला खताचा हप्ता देऊन झाला आहे आणि पोळ्यापर्यंत रानात मोठे काम नाही, असे आठ-दहा दिवस श्रावणात बहुतेक घरी येतात. हे दिवस कसे जातात ते तुम्हांला सांगायला नको. गडीमाणूस पारावर बसतो. पोरे शाळेतून आली की मोबाइलमध्ये डोके घालतात. म्हातारी माणसे ओसरीवर पावसाकडे पाहत बसतात. आणि घरची बाई? तिची चूल, धुणे आणि गोठा चालूच असतो. पंचमीला माहेरी गेली तर दोन दिवस, एरवी तिला सुट्टी अशी नाहीच.

या आठ-दहा दिवसांतला एक दिवस तुम्ही घरच्यांसाठी काढावा, असे आमचे सांगणे आहे. कुठे जायचे तेही सांगतो. संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरी, नेवासे या भागातल्या शेतात पाटाने जे पाणी येते, ते ज्या डोंगरातून उतरते तिथे जायचे. रंधा, भंडारदरा, घाटघर आणि रतनवाडी ही ती ठिकाणे. सारी अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात आहेत. एका दिवसात चार-पाच मोठे धबधबे आणि शेकड्याने लहान धबधबे पाहून रात्री घरी येता येते. मुंबई-पुण्याची माणसे गाड्या भरभरून तिथे येतात. पण त्याच पाण्यावर ज्यांच्या दोन-तीन पिढ्या पोसल्या, त्या घरांतली कितीतरी माणसे तिकडे कधी फिरकलेली नसतात. सासूबाईंनी पन्नास वर्षे पाटावर धुणे धुतले, पण पाणी येते कुठून ते पाहिले नाही, अशी घरे कमी नाहीत.

आधी गोठ्याची सोय

सहलीचे नाव काढले की घरातून पहिला प्रश्न येतो, "संध्याकाळची धार कोण काढणार?" प्रश्न रास्त आहे आणि बहुतेक बेत इथेच मोडतात. त्यावर उपाय आपल्या जुन्या रीतीतच आहे. पेरणीला, मळणीला आपण सावड करतो, तशी सहलीचीही करावी. या आठवड्यात शेजारच्यांनी तुमची जनावरे पाहायची, पुढच्या आठवड्यात तुम्ही त्यांची. गाय परका हात लागला की पान्हा चोरते, म्हणून दोन दिवस आधीपासून शेजारणीला धारेच्या वेळी जवळ बसवा, आंबोण तिच्याच हाताने घालू द्या. सकाळची धार काढून, डेअरीला दूध घालून निघायचे. वैरण आदल्या दिवशीच कापून ठेवावी.

दुसरा प्रश्न वाहनाचा. चार-पाच घरे मिळून गेलात तर एस.टी.ची गाडी प्रासंगिक करारावर मिळते, त्यासाठी जवळच्या आगारात आधी चौकशी करावी. थोडी माणसे असतील तर जीप बरी. नेहमीच्या एस.टी.ने जायचे तर मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट सुरू झाले, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना त्याच्या आदल्या वर्षापासून तिकीट माफ झाले. मात्र एस.टी.ने सारी ठिकाणे एका दिवसात होत नाहीत, रंधा आणि भंडारदरा एवढेच होते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत माणसे भरून घाटात जाण्याचा विचारही मनात आणू नका. ते कायद्यात बसत नाही आणि ओल्या उतारावर ट्रॉली आवरत नाही.

वार निवडताना शनिवार, रविवार आणि पंधरा ऑगस्ट टाळा. त्या दिवशी रस्ते गाड्यांनी तुंबतात आणि निम्मा दिवस जागच्या जागी जातो. मधला वार आपल्याला साधतो, शहरातल्या नोकरदाराला साधत नाही. ही आपली सोय आहे, तिचा उपयोग करावा.

पहिला धबधबा : रंधा

संगमनेरहून अकोले, तिथून राजूर, राजूरच्या पुढे रंधा. संगमनेरपासून भंडारदऱ्यापर्यंत सारा रस्ता साठ-पासष्ट किलोमीटरचा आहे. नाशिककडच्यांनी घोटीवरून यावे, त्यांना वाटेत कळसूबाईचे शिखर लागते. १६४६ मीटर उंचीचे हे शिखर महाराष्ट्रात सर्वांत उंच आहे, पण पावसात ते ढगातच असते.

राजूर सोडले की मुलूख बदलतो. ऊस आणि डाळिंब मागे राहतात, भाताची खाचरे सुरू होतात. रंध्याला गाडीतून उतरलात की धबधबा दिसायच्या आधी ऐकू येतो. इथे प्रवरा सुमारे पावणेदोनशे फूट खाली उडी घेते. दोन्ही बाजूंना काळे कातळ, मध्ये पांढरा लोट आणि वर उडालेले तुषार. ऊन असेल तर त्या तुषारांत इंद्रधनुष्य उभे राहते. जवळच घोरपडादेवीचे देऊळ आहे. देवीला नमस्कार करावा आणि कठड्याच्या अलीकडूनच पाहावे.

लहान मुले विचारतील की नदी इथेच का पडते. त्यांना असे सांगा. सह्याद्री हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून निघालेल्या तप्त रसाच्या थरांनी बनला. भाकरीची चवड रचावी तसे थरावर थर. काही थर कठीण, काही ठिसूळ. वाहते पाणी खालचा ठिसूळ थर आधी पोखरते, मग वरचा कठीण थर आधार सुटून तुटतो आणि उभा कडा तयार होतो. नदी त्या कड्यावरून उडी घेते आणि हजारो वर्षांत कडा हळूहळू मागे सरकवते.

रंधा बारा महिने असा पडत नाही. प्रवरेच्या पाण्याचा बराचसा भाग वीज करण्यासाठी वळवला जातो. भर पावसात, वरचे धरण भरून सांडवा वाहू लागला की रंध्याचे खरे रूप दिसते. म्हणून ऑगस्टचा मध्य ते सप्टेंबर हा काळ चांगला. निघण्यापूर्वी धरण किती भरले आहे ते वर्तमानपत्रात पाहावे.

छत्रीचा धबधबा आणि विल्सन धरण

रंध्यापासून दहाएक किलोमीटरवर शेंडी गाव आणि भंडारदरा धरण. शेंडीला चहा घ्या, कारण पुढे सोय थोडी. धरणाच्या पायथ्याशी तो प्रसिद्ध छत्रीचा धबधबा, ज्याला सारे 'अंब्रेला फॉल' म्हणतात. धरणाच्या मोरीतून सोडलेले पाणी एका गोल घुमटासारख्या खडकावर आदळते आणि चहूबाजूंनी छत्रीसारखे पसरून खाली येते. हा धबधबा मोरी उघडली असेल तरच दिसतो, म्हणून मुलांना आधीपासून वचन देऊन ठेवू नये.

आता धरणाकडे नीट पाहा. याचे काम १९१० साली सुरू झाले आणि १९२६ साली पुरे झाले. त्या वेळच्या मुंबईच्या गव्हर्नराच्या नावावरून त्याला विल्सन धरण म्हणतात. दगड आणि चुन्याची ही भिंत सुमारे २७० फूट उंच आहे. १९६९ साली तिला तडे गेले, तेव्हा पाणी कमी करून, मागून टेकू देऊन ती बळकट करण्यात आली. धरणात ११ हजार ३९ दशलक्ष घनफूट पाणी मावते. वर्तमानपत्रात अकरा टीएमसी लिहितात ते हेच.

आकडा मोठा आहे, तो आपल्या हिशेबात आणू. धरणातून एक हजार क्यूसेक पाणी सोडले असे वाचता, तेव्हा दर सेकंदाला एक हजार घनफूट, म्हणजे अठ्ठावीस हजार लिटर पाणी जात असते. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर डोळ्याची पापणी दोनदा लवेपर्यंत जवळजवळ तीन टँकर गेले.

हे पाणी नदीपात्राने निळवंडे धरणात येते. पुढे संगमनेर तालुक्यातल्या ओझरच्या बंधाऱ्यावर डावा आणि उजवा असे प्रवरेचे दोन कालवे निघतात. या कालव्यांनी उजाड माळावर ऊस उभा केला. त्याच उसावर १९५० साली लोणीजवळ विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. निळवंड्याच्या कालव्यांची वाट मात्र दुष्काळी गावांनी पन्नास वर्षे पाहिली आणि २०२३ साली डाव्या कालव्यात पाणी सुटले. ज्यांच्या बांधावर ते पाणी आले, त्यांनी तर घरच्या म्हाताऱ्यांना इथे आणलेच पाहिजे.

तळ्याभोवतीची फेरी

शेंडीहून तळ्याच्या कडेकडेने मुरशेत, पांजरे, घाटघर, साम्रद, रतनवाडी आणि कोलटेंभे करून परत येणारा रस्ता आहे. फेरी चाळीसेक किलोमीटरची, पण वळणे, धुके आणि मधून मधून थांबणे धरून चार तास हाताशी ठेवा. हा सारा मुलूख कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, नाक्यावर वनखात्याची पावती करावी लागते.

या रस्त्यावर धबधबे मोजायचे नसतात. डोंगराच्या प्रत्येक घडीतून पांढरी धार उतरलेली दिसते. काही धारा रस्त्याच्या अगदी कडेला पडतात. पाण्याचा जोर बेताचा असेल आणि वरून दगड येण्यासारखा कडा नसेल, तर अशा लहान धारेखाली मुलांना घटकाभर भिजू द्या. सहलीतली मजा हीच. मोठ्या धबधब्याशी जाऊन ती करायची नाही.

घाटघरला कोकणकडा आहे. महाराष्ट्राचे पठार इथे एकदम संपते आणि खाली कोकण दिसते. धुके असेल तर काही दिसणार नाही, पण दहा मिनिटे थांबा, वारा सुटला की पडदा सरकतो. वारा जोराचा असला की कड्यावरून पडणारे पाणी खाली न जाता उलटे वर उडते आणि आपल्याच अंगावर येते. म्हातारी माणसेसुद्धा ते पाहून लहान पोरांसारखी हसतात. इथे एक गंमत मुलांना समजावून सांगा. कड्याच्या अलीकडे पडलेला थेंब प्रवरेतून गोदावरीला मिळून बंगालच्या उपसागरात जातो. चार हात पलीकडे पडला तर कोकणात उतरून अरबी समुद्रात. या उंचीचाच उपयोग करून घाटघरला २५० मेगावॉटचे वीजघर बांधले आहे. ते २००८ साली चालू झाले. विजेची गरज असते तेव्हा वरच्या तळ्यातले पाणी खाली सोडून वीज करतात, गरज कमी असते तेव्हा तेच पाणी पुन्हा वर चढवतात.

साम्रदला सांदण दरी आहे. कातळाला पडलेली ही खोल, अरुंद चीर पाहण्यासारखी खरी, पण पावसाळ्यात तिच्यात उतरायचे नाही. वरून लोंढा आला तर पळायला वाट नाही.

रतनवाडीला अमृतेश्वराचे प्राचीन शिवमंदिर आहे. त्याच्या खांबांवर आणि भिंतींवर इतके कोरीवकाम आहे की पाहता पाहता वेळ जातो. शेजारी बांधीव पुष्करणी आहे. पावसात गाभाऱ्यात पाणी भरते आणि पिंड पाण्याखाली जाते. मागे रतनगड उभा. त्या गडाच्या अंगावरच प्रवरेचा उगम. इथे सावलीला बसून शिदोरी सोडा. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, कांदा, आणि जमले तर तिखटमिठाच्या पुऱ्या. त्या दिवशी बाईला स्वयंपाक नको, म्हणून शिदोरी आदल्या रात्री साऱ्यांनी मिळून करावी. जेवणानंतर रतनवाडीजवळचा 'नेकलेस' धबधबा पाहा. काळ्या कड्याच्या गळ्यात चांदीचा हार घातल्यासारखा तो दिसतो, म्हणून हे नाव.

ज्यांच्या डोंगरात आपण जातो

या फेरीत आणखी एक गोष्ट तुमच्या शेतकरी डोळ्यांना दिसेल. घाटघर-रतनवाडीकडे एका पावसाळ्यात पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. सव्वाशे किलोमीटरच्या आत, श्रीरामपूरकडे तो पाचशेच्या घरात येतो. एवढा पाऊस पडणाऱ्या या वाड्यावस्त्यांना उन्हाळ्यात मात्र पाण्याचे हाल काढावे लागतात. उतार तीव्र, माती थोडी, खाली अखंड कातळ. पडले ते वाहून गेले. एप्रिल-मे महिन्यांत इथल्या बाया हंडा घेऊन झऱ्याच्या काठी वाट पाहत बसतात, आणि त्यांच्या डोंगरावरचे पाणी आपल्या पाटात खळखळत असते.

इथे महादेव कोळी, ठाकर ही माणसे राहतात. इंग्रजांशी झुंजलेले राघोजी भांगरे याच मुलखातले, त्यांना १८४८ साली ठाण्याला फाशी दिली. ही माणसे राब भाजून रोपे तयार करतात, धो धो पावसात पाठीवर आडोसा घेऊन, वाकून भाताची आवणी करतात, वरकस उतारावर नागली आणि वरई घेतात. तळ्यात आज पाणी दिसते तिथे कधीकाळी माणसांची जमीन होती. म्हणून इथे पाहुण्यासारखे वागावे. खाचराच्या बांधावरून चालताना बांध फोडू नका, फोटोसाठी भातात शिरू नका. आपल्या उभ्या पिकात परका शिरला तर आपल्याला कसे वाटते ते आठवा. वाटेवर कोणी मावशी भाजलेले कणीस देतील, त्याची घासाघीस करू नका. बाजारात आपल्या मालाची घासाघीस झाली की आपला जीव किती तुटतो! कागद, बाटल्या, पुड्या परत पिशवीत घाला. तिथे टाकलेले सारे शेवटी आपल्याच पाटात येणार आहे.

येताना मोबदला देऊन बी-बियाणे किंवा तांदूळ आणा. काळभात, जिरवेल असे जुने वासाचे भात या भागात अजून पिकतात. अकोले तालुक्यातच कोंभाळणे येथे राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाणांची बीजबँक केली. शाळेत न गेलेल्या या शेतकरी बाईंना २०२० सालची पद्मश्री जाहीर झाली. वाल, घेवडा, भोपळा यांचे एखादे जुने वाण परसात लावून पाहायला हरकत नाही.

पाण्याशी मस्करी नको

आता शेवटचे, पण सर्वांत जरुरीचे. हे घरातल्या तरुण पोरांना मोठ्याने वाचून दाखवा.

३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणाच्या वरच्या अंगाला एकाच कुटुंबातली पाच माणसे धबधब्यात वाहून गेली. त्यांत लहान मुले होती. ती मंडळी पाण्यात उभी असतानाच लोंढा वाढला. १५ जून २०२५ रोजी मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळून चार जण गेले. सहलीलाच निघालेली माणसे होती ती.

म्हणून एवढे पाळा :

१. मोठ्या धबधब्याच्या माथ्यावर आणि डोहात जायचे नाही. विहिरीत पोहणारा गडीही इथे टिकत नाही. पडत्या पाण्याच्या फेसात हवा मिसळलेली असते, त्यात अंग तरंगत नाही, आणि वरून येणारा लोट माणसाला खाली दाबतो.

२. पाऊस डोक्यावर नसला तरी वरच्या डोंगरात पडत असतो. स्वच्छ पाणी गढूळ झाले, काटक्या-पाने वाहत आली किंवा आवाज बदलला, तर त्याच क्षणी साऱ्यांना बाहेर काढा. सामान नंतर.

३. धरणाचा भोंगा वाजला की नदीपात्रात पाय ठेवायचा नाही.

४. शेवाळलेल्या कातळावर कडेला उभे राहून फोटो काढायचा नाही. रबरी चपला घसरतात, जुने बूट बरे.

५. रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालू नका. अर्धा तास थांबलात तर काही बिघडत नाही.

६. जुना पूल किंवा साकव असेल तर एकदम साऱ्यांनी चढायचे नाही.

७. लहान मुलामागे एक मोठे माणूस, असे नाव घेऊन नेमून द्या. "सगळे बघतील" म्हटले की कोणीच बघत नाही.

८. दारू घेतलेल्याला पाण्याजवळ आणि गाडीच्या चाकावर बसू देऊ नका. वडीलधाऱ्यांनी हे स्पष्ट बोलावे, भीड धरू नये.

९. दुपारी चारला परत फिरा. धुके उतरले की रस्ता दिसत नाही. अडचण आली तर ११२ हा क्रमांक लावा, पण दरीत फोनला रेंज नसते हे ध्यानात ठेवा.

घरी आल्यावर

तुम्ही प्रवरेच्या काठचे नसाल तर काय? आपापल्या नदीचा माग काढा. सातारकरांना ठोसेघर आहे, नांदेड-यवतमाळच्या मंडळींना पैनगंगेवरचे सहस्रकुंड आहे. जिथे तुमच्या विहिरीला, पाटाला पाणी येते त्याच्या वरच्या अंगाला जाऊन पाहा.

प्रवरेला अमृतवाहिनी म्हणतात. रतनगडाहून निघून नेवासे तालुक्यात ती गोदावरीला मिळते. याच नदीकाठी नेवाशाला १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली. एका दिवसात तिचा वरचा निम्मा मुलूख तुमच्या घरच्यांच्या डोळ्यांखालून गेलेला असेल. पुढे रब्बीचे आवर्तन सुटेल, रात्री कंदील नाहीतर बॅटरी घेऊन तुम्ही दारे धरायला जाल. पाणी सरीत शिरेल. ते घाटघरच्या कोणत्या उतारावर पडले, रंध्याला कसे कोसळले, हे तुमच्या पोरांना ठाऊक असेल. मग पाट फुटून पाणी ओढ्याला चालले तर "जाऊ दे, धरण भरलंय" असे ती म्हणणार नाहीत. फावडे घेऊन उठतील.

तेव्हा कॅलेंडर पाहा, शेजाऱ्यांशी सावड ठरवा आणि घरात विचारा, कोणता वार सोयीचा. पण आधी त्या माउलीला विचारा जिने आजवर कधी "मला जायचंय" म्हटले नाही.